'पेव फुटले' म्हणजे चांगले की वाईट?

माधवनगरहून निघून सांगली शहर ओलांडले की कृष्णा-वारणेच्या संगमापाशी हरिपूर लागते. सांगलीच्या हळदीच्या व्यापारात या गावाला मोठे स्थान मिळाले ते तिथल्या पेवांमुळे. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले, तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस असे कोठार. हवा फारशी लागत नसल्याने त्यात हळद कीड न लागता दीर्घकाळ टिकत असे. २००५ च्या महापुरात या पेवांमध्ये पाणी शिरले आणि साठवणुकीची ही पद्धत मागे पडत गेली. शीतगृहे आली, पेवे आठवणीत उरली.

मराठी भाषेत मात्र पेव अजून जिवंत आहे. 'शहरात खासगी शिकवण्यांचे पेव फुटले आहे' असे वाक्य वर्तमानपत्रात आले, की वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचे मत लगेच कळते. शिकवण्या वाढल्या आहेत ही माहिती झाली. त्या वाढू नयेत असे लेखकाला वाटते, हा त्या माहितीमागचा भाव. गंमत अशी, की या वाक्यात एकही वाईट शब्द नाही. पेव हा तर समृद्धीचा शब्द. फुटणे हे क्रियापद काच फुटण्यापासून पालवी फुटण्यापर्यंत कुठेही चालते. दोन निरुपद्रवी शब्द शेजारी आले आणि नापसंती व्यक्त झाली. 'गावोगावी वाचनालयांचे पेव फुटले' असे कोणी सहसा लिहीत नाही, आणि लिहिलेच तर त्याला वाचनालयांचा राग आहे की काय, अशी शंका येते.

लिहिणाऱ्याचा हा भाव संगणकाला कसा ओळखता येईल, या प्रश्नावर जगभर गेली तीसेक वर्षे पद्धतशीर काम चालू आहे. भाषा-तंत्रज्ञानाच्या या शाखेला मराठीत भावविश्लेषण म्हणतात. ग्राहकांचे अभिप्राय, निवडणुकीच्या काळातील लोकमत, शासकीय संकेतस्थळांवरील तक्रारी, समाजमाध्यमांवरील द्वेषयुक्त मजकूर अशा ठिकाणी त्याचा उपयोग होतो. एवढा मजकूर माणसांनी वाचणे शक्य नाही. म्हणून आधी यंत्र वाचते आणि कोणता कागद माणसापुढे ठेवायचा ते ठरवते. यंत्राने चूक केली, तर तो कागद खालीच राहतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ भाषाशास्त्राच्या हौसेचा नाही.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे शब्दांची यादी. 'सुंदर', 'उत्तम', 'प्रामाणिक' हे शब्द अधिक खात्यात. 'भ्रष्ट', 'निकृष्ट', 'कंटाळवाणा' हे उणे खात्यात. मजकुरातील शब्द मोजायचे आणि जमाखर्च मांडायचा. पण यादी करायची कोणी? १९९७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील हात्झिव्हासिलोग्लू आणि मॅक्कीओन या संशोधकांनी एक साधी, पण चतुर युक्ती काढली. 'आणि' या अव्ययाने जोडलेली विशेषणे बहुधा एकाच बाजूची असतात आणि 'पण' ने जोडलेली विरुद्ध बाजूची. 'हुशार आणि कष्टाळू' असे आपण म्हणतो, 'हुशार पण आळशी' असेही म्हणतो. 'हुशार आणि आळशी' म्हणताना जीभ अडखळते. मोठ्या इंग्रजी मजकुरातून अशा जोड्या गोळा करून त्यांनी विशेषणांचे दोन गट पाडले. पुरेशा जोड्या मिळालेल्या विशेषणांच्या बाबतीत अचूकता ९० टक्क्यांच्या वर गेली. शब्दाचा अर्थ संगणकाला मुळीच ठाऊक नव्हता. त्याने फक्त शब्दाची सोयरीक पाहिली.

२००२ मध्ये कॅनडातील पीटर टर्नी यांनी ही कल्पना पुढे नेली. एखादा शब्दप्रयोग 'उत्कृष्ट' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाच्या आसपास जास्त वेळा सापडतो की 'निकृष्ट' या अर्थाच्या शब्दाच्या आसपास, हे त्यांनी त्या काळच्या अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राला विचारले. ४१० परीक्षणांवर ही पद्धत लावली तेव्हा सरासरी ७४ टक्के निवाडे बरोबर आले. मोटारींच्या परीक्षणांत हे प्रमाण ८४ टक्के होते. चित्रपटांच्या बाबतीत मात्र ६६ टक्क्यांवर आले. कारण उघड आहे. चांगल्या चित्रपटातही खून, कट, विश्वासघात असतो. परीक्षणातील भीषण शब्द कथानकाचे असतात, परीक्षकाच्या मताचे नसतात. त्याच वर्षी बो पांग, लिलियन ली आणि शिवकुमार वैद्यनाथन यांनी चित्रपट-परीक्षणांवरच काम करून दाखवले, की यादी माणसाने देण्यापेक्षा यंत्राला नमुने देऊन शिकू द्यावे; अचूकता ८० टक्क्यांच्या पुढे जाते. त्यांनाही एका प्रकारच्या लेखनाने चकवले. कथा छान, नट नामवंत, संगीत मधुर, छायाचित्रण देखणे, आणि शेवटी एकच वाक्य: 'तरीही चित्रपट फसला आहे.' दहा शब्द अधिक, एक उणे. निकाल मात्र त्या एकाच्या बाजूने.

इथवरचा सारा प्रवास इंग्रजीचा. मराठीत आल्यावर वेगळ्याच अडचणी उभ्या राहतात, आणि त्या मला अधिक रंजक वाटतात.

संगणकाच्या जुन्या पद्धतींत मजकूर वाचण्यापूर्वी तो 'स्वच्छ' करीत. वारंवार येणारे बारीकसारीक शब्द गाळायचे, प्रत्यय छाटून शब्द मूळ रूपात आणायचे. इंग्रजीत याने फारसे बिघडत नाही. मराठीत मात्र नेमका याच केराच्या टोपलीत लेखकाचा भाव जातो. 'पुलाचे काम झाले' ही बातमी. 'पुलाचे काम झाले एकदाचे' हा सुस्कारा. 'पुलाचे काम झाले म्हणे' हा अविश्वास. 'झाले काय पुलाचे काम!' हा टोमणा. 'म्हणे', 'एकदाचे', 'काय', 'तर', 'च' हे शब्द गाळले की चारही वाक्ये एकच होतात.

प्रत्ययांचेही तेच. मराठी वर्तमानपत्रात मंत्री 'आले' असतात आणि चोर 'आला' असतो. एखाद्या पदाधिकाऱ्याबद्दल लिहिताना 'ते म्हणाले' ऐवजी 'तो म्हणाला' असे लिहिले, तर पुढे टीकेचा एक शब्दही लिहायची गरज उरत नाही. उलट, ज्याला एरवी कोणी अहो-जाहो करीत नाही त्याला 'महाशय' म्हणणे हीसुद्धा खिल्लीच. 'आला' आणि 'आले' या दोन्ही रूपांचे मूळ 'येणे' असे एकच करून टाकणारा संगणक हा सारा मानापमान एका फटक्यात पुसून टाकतो.

त्याहून सूक्ष्म प्रकार म्हणजे आपली संयुक्त क्रियापदे. 'त्यांनी राजीनामा दिला' यात निवेदकाचे मत नाही. 'राजीनामा देऊन टाकला' यात बेधडकपणा आहे, कदाचित थोडे कौतुकही. 'राजीनामा देऊन बसले' यात मात्र लेखक कपाळावर हात मारतो आहे. राजीनामा तोच, 'टाकणे' आणि 'बसणे' यांना इथे स्वतःचा अर्थही उरलेला नाही. 'काय केलेस?' आणि 'काय करून ठेवलेस?' यांतला फरक मराठी घरात वाढलेल्या चार वर्षांच्या मुलालाही कळतो. शब्दयादीत हा भेद कुठे मांडणार?

शब्दाची संगत त्याला रंग देते, हे भाषाशास्त्रज्ञांनी संगणकाच्या साहाय्यानेच दाखवून दिले. बर्मिंगहॅमचे जॉन सिंक्लेअर हे शब्दकोशाच्या कामासाठी इंग्रजी मजकुराचा मोठा साठा तपासत असताना त्यांच्या लक्षात आले, की काही साधे दिसणारे शब्दप्रयोग जवळजवळ नेहमी अप्रिय गोष्टींच्याच सोबत येतात. मराठीत याचे ठळक उदाहरण 'कारणीभूत'. शब्दार्थ पाहावा तर 'कारण झालेला', एवढाच. पण अपघाताला, पराभवाला, मृत्यूला काहीतरी कारणीभूत ठरते; यशाला कोणी कारणीभूत ठरत नाही. 'सुळसुळाट' भोंदू डॉक्टरांचा होतो, चांगल्या डॉक्टरांचा होत नाही. 'कृपेने' हा शब्द देवाच्या नावापुढे भक्तीचा. नगरपालिकेच्या नावापुढे आला की पुढे खड्डे येणार हे नक्की.

१९९३ मध्ये बिल लो या अभ्यासकाने यातून एक निष्कर्ष काढला, तो फार मार्मिक आहे. शब्दाची नेहमीची संगत ठाऊक असेल, तर ती मोडली गेलेली जागाही सापडते. अशा जागी बहुधा दोनपैकी एक गोष्ट असते: लेखक जाणूनबुजून उपरोध करतो आहे, किंवा त्याला जे लपवायचे आहे ते नकळत बाहेर पडले आहे. सत्काराच्या भाषणात कोणी 'संस्थेच्या आजच्या स्थितीला आमचे अध्यक्षच कारणीभूत आहेत' असे म्हणाला, तर तो टोला आहे की घसरलेली जीभ, हे श्रोत्यांनी ठरवावे. पण काहीतरी घडले आहे, एवढे संगणकही सांगू शकतो.

शब्दांवरून लेखकाचे मन ठरवण्याचा आपल्याकडचा सर्वांत गाजलेला प्रयत्न संगणकाने केलेला नव्हता. तो मुंबईच्या उच्च न्यायालयात झाला. १८९७ च्या जुलैत 'केसरी'त लोकमान्य टिळकांचा 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा अग्रलेख आला. हे शीर्षक शब्दयादीच्या हाती द्या. सरकार, डोके, ठिकाण, आहे, काय: पाचपैकी एकही शब्द उणे खात्यातला नाही, आणि वाक्य तर नुसता प्रश्न. तरी सव्वाशे वर्षांनंतरही त्याची धार गेलेली नाही. त्या वर्षीचा खटला प्रत्यक्षात भरला गेला तो १५ जूनच्या अंकातील मजकुरावर. प्रश्न होता, लेखनातून सरकारविषयी 'अप्रीती' निर्माण होते की नाही. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला सांगितले, की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. ही व्याख्या एकदा मान्य केली, की निर्विकार मजकूरही उणे खात्यात जातो. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी 'तटस्थ' हा रकानाच काढून टाकला. ज्युरीतील सहा युरोपीय सदस्यांनी टिळकांना दोषी ठरवले, तीन भारतीयांनी निर्दोष.

१९०८ च्या दुसऱ्या खटल्यात हा पेच आणखी उघड झाला. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे लेख न्यायालयापुढे आले ते इंग्रजी भाषांतरातून. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतःच केला, सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, एकेका मराठी शब्दाला दिलेला इंग्रजी प्रतिशब्द कसा अधिक जहाल आहे ते मांडले. मराठी न जाणणाऱ्या ज्युरीने मराठी लेखाचा भाव ठरवावा, हेच त्यांना मान्य नव्हते. २१ तासांहून अधिक चाललेल्या त्यांच्या भाषणानंतरही ज्युरीचा कौल सात विरुद्ध दोन असा गेला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली.

भावविश्लेषणाचे काम करणाऱ्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. यंत्राला शिकवण्यासाठी आधी माणसांनी हजारो वाक्यांवर 'अनुकूल', 'प्रतिकूल', 'तटस्थ' अशा चिठ्ठ्या लावाव्या लागतात. चिठ्ठ्या लावणाऱ्यांचे एकमत होत नाही, हा या क्षेत्रातला रोजचा अनुभव. मग बहुमताने निर्णय होतो आणि यंत्र तो बहुमताचा निर्णयच सत्य म्हणून शिकते. ते बहुमत कोणाचे होते, हे यंत्राला ठाऊक नसते. आणि मराठी वाक्याचा निवाडा त्याच्या भाषांतरावरून करायचा का, हा टिळकांचा आक्षेप तर अगदी अलीकडेपर्यंत तांत्रिक चर्चेचा विषय होता.

मुंबईच्या आयआयटीत प्रा. पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्याला एक पर्याय शोधला. हिंदी आणि मराठीचे जे शब्दजाल तिथे तयार झाले होते, त्यात एका अर्थाचे शब्द एकत्र बांधलेले होते आणि दोन्ही भाषांतील समान अर्थ एकमेकांना जोडलेले होते. त्यांनी शब्दाऐवजी अर्थालाच एकक मानले. एका भाषेतील मजकुरावर यंत्र शिकवायचे आणि दुसऱ्या भाषेतील मजकूर भाषांतर न करता तपासायचा. या पद्धतीने मराठीत ८४ टक्के आणि हिंदीत ७२ टक्के अचूकता मिळाली. नुसता द्विभाषी कोश वापरण्यापेक्षा ती १४-१५ टक्क्यांनी जास्त होती. पुढे याच गटाने उपरोध वाचताना वाचकाची नजर कशी फिरते, याचाही अभ्यास केला. उपरोधाच्या वाक्यात आपले डोळे पुढे जाऊन पुन्हा मागे येतात; कौतुकाचा शब्द आणि त्याच्याशी न जुळणारा प्रसंग यांचा मेळ घातला जातो. 'पहिल्याच पावसात रस्ता वाहून गेला, कंत्राटदाराचे अभिनंदन' हे वाक्य वाचताना स्वतःच्या डोळ्यांकडे लक्ष देऊन पाहावे.

मराठीसाठी स्वतंत्र सामग्री तयार करण्याचे मोठे काम गेल्या काही वर्षांत पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने केले. २०२१ मध्ये त्यांनी सुमारे १६ हजार मराठी ट्वीटना हाताने चिठ्ठ्या लावून ती सर्वांसाठी खुली केली. २०२३ मध्ये हा साठा ६० हजार नमुन्यांपर्यंत गेला. त्यात राजकीय ट्वीट, इतर ट्वीट, चित्रपट-परीक्षणे आणि दूरचित्रवाणी मालिकांची उपशीर्षके आली. मधल्या काळात त्यांनी द्वेषयुक्त आणि शिवराळ मजकूर ओळखण्यासाठी २५ हजार ट्वीटचा संग्रह केला आणि केवळ मराठीसाठीचे 'महाबर्ट' हे भाषा-प्रारूपही तयार केले.

'बर्ट' ही पद्धत गूगलने २०१८ मध्ये आणली आणि चित्र पालटले. त्यापूर्वीच्या पद्धतींत प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक ठरावीक ओळख दिलेली असे. ती संगतीवरूनच काढलेली, पण कायमची. त्यातून एक विचित्र परिणाम होई: 'चांगला' आणि 'वाईट' जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन बसत, कारण 'रस्ता अमुक आहे', 'मुलगा अमुक आहे' अशा सगळ्या वाक्यांत दोघेही चपखल बसतात. नव्या पद्धतीत शब्दाची ओळख प्रत्येक वाक्यात नव्याने ठरते. यंत्राला शिकवण्याची रीत आपल्या शालेय परीक्षेतली आहे: गाळलेल्या जागा भरा. कोट्यवधी शब्दांच्या मजकुरातील काही शब्द झाकायचे आणि आजूबाजूच्या शब्दांवरून ते ओळखायला लावायचे. 'गावात भोंदू बाबांचे ___ फुटले आहे' ही जागा पुन्हा पुन्हा भरताना यंत्राला उमगते, की फुटलेले पेव आणि हळदीने भरलेले पेव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'बसणे' हे खुर्चीवरचे की पश्चात्तापाचे, हेही शेजारच्या 'देऊन' वरून कळू लागते. प्रत्यय छाटायचे नाहीत, 'म्हणे' गाळायचे नाही. आजची मोठी भाषा-प्रारूपे याच वाटेने पुढे गेली आहेत आणि साधासुधा टोमणा त्यांना बऱ्याचदा कळतो.

तरी दोन जागा अवघड राहतातच. पहिली बोलीची. आमच्या भागात एखादी गोष्ट फारच आवडली तर 'नाद खुळा' म्हणतात. कोल्हापूरकडे तर 'जाळ अन् धूर संगट' हीसुद्धा शाबासकीच. प्रमाण मराठीवर पोसलेले यंत्र जाळ आणि धूर पाहून अग्निशामक दलाला वर्दी देईल! शिव्यांचेही तसेच, मित्राने मित्राला घातलेली शिवी द्वेषाच्या रकान्यात जाऊन बसते. उलट बाजूने पाहावे, तर आपला तक्रारअर्ज म्हणजे सौजन्याचा कळस. 'माननीय महोदय', 'सादर प्रणाम', 'आपल्या कर्तव्यतत्परतेबद्दल आदर आहे', 'आपले सहकार्य मिळावे ही नम्र विनंती', 'सदैव आभारी राहू'. या सगळ्याच्या मधोमध एक ओळ: 'पंचनामा होऊन आठ महिने झाले, अद्याप मदत मिळालेली नाही.' शब्दांचा जमाखर्च मांडणाऱ्या यंत्राच्या लेखी हा अत्यंत समाधानी नागरिक. उपलब्ध साठ्यांत ट्वीट आहेत, मालिका आहेत, चित्रपट आहेत. त्यांत असा अर्ज कुठून येणार? शासकीय तक्रारींची छाननी यंत्राकडे द्यायची, तर आधी अशाच काही हजार अर्जांवर, तेही जिल्ह्याजिल्ह्यांतून, चिठ्ठ्या लावून घ्यायला हव्यात.

दुसरी अडचण वाक्याच्या बाहेरची आहे. बाजारात हळद 'वधारली' की शेतकरी सुखावतो आणि गिऱ्हाईक कुरकुरते. वाक्यात लेखक कोण ते लिहिलेले नसते. आपल्या जिल्ह्यात तर पाण्याचेच उदाहरण पुरे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४५ फुटांची धोक्याची रेषा ओलांडून ५७ फुटांपर्यंत गेली, तेव्हा 'पाणी उतरले' हे दोन शब्द ऐकण्यासाठी लोक कान टवकारून होते. जतमध्ये विहिरीचे 'पाणी उतरले' म्हणजे टँकरची वेळ आली. संगणकाला हे कळायचे तर मजकुरासोबत तालुका आणि महिना सांगावा लागतो. टेंभू योजनेतून मे महिन्यात आटपाडीच्या तलावात पोचलेले पाणी आणि ऑगस्टमध्ये सांगलीच्या गावभागात शिरलेले पाणी, दोन्हींसाठी क्रियापद 'आले' हेच.